येऊन राहिलो

जबलपुरात अधारतालच्या मेन रोडवर टायरवाल्याच्या बाजूनं जी गल्ली आत वळते, तिच्यात तिसरं घर वैरागड्यांचं. घरात माणसं तीन. रामकृष्ण वैरागडे, सरकारी फॅक्टरीत लेथवर काम करणारे टर्नर. त्यांची बायको पुष्पाबाई. आणि मुलगा श्रीरंग, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन. या श्रीरंगानं आयुष्यात एक कॅसेट काढली. एकच. आठ गाणी, शब्द त्याचे, चाली त्याच्या, गळा त्याचा आणि गिटारही त्याचीच. ती कॅसेट जबलपुरातल्या निम्म्या मराठी माणसांसमोर वाजली आणि ती माणसं पोट धरून हसली. कॅसेट होती रडण्याची. आता अशा माणसाच्या नशिबाला काय म्हणायचं ते तुम्हीच बघा.

वैरागडे मूळचे आर्वीकडचे. रामकृष्णांचे वडील जबलपूरला आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे आपण परमुलखात चाललो असं वाटायचं काही कारणच नव्हतं. मग छप्पन साली राज्यांची नव्यानं वाटणी झाली. नागपूर तिकडे गेलं, जबलपूर इकडे राहिलं, आणि वैरागडे बसल्या जागी दुसऱ्या राज्याचे झाले. तेव्हापासून दाराबाहेर हिंदी आणि दाराच्या आत मराठी असा त्यांचा संसार. आतली मराठीही कशी, तर वऱ्हाडातून सोबत आणलेली. ‘का’ नाही, ‘काहून’. ‘काय करतोस’ नाही, ‘काय करून राहिला’. ‘येतोय’ नाही, ‘येऊन राहिलो’. पुण्याच्या माणसाला वाटतं, येऊन राहिलो म्हणजे आला आणि मुक्काम ठोकला. तसं नाही ते. येऊन राहिलो म्हणजे अजून पोचलो नाही, वाटेत आहे, पण निघालोय हे नक्की. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण या दोन शब्दांवरून झालं.

रामकृष्ण बोलण्यात महाकंजूष. दिवसभरात वीस शब्द खर्च झाले तर तो दिवाळीचा दिवस समजायचा. फॅक्टरीत त्यांचं नाव होतं ते मात्र कानांसाठी. कुठल्या खात्यातलं मशीन कुरकुरायला लागलं की वैरागडेजींना बोलावणं यायचं. ते आपला हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेऊन जायचे, त्याचं टोक चालत्या मशीनच्या अंगावर टेकवायचे आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायचे. डोळे मिटायचे. मग म्हणायचे, “दुसरं बेअरिंग गेलं.” खोलून बघितलं तर दुसरंच गेलेलं असायचं. घरी पंखा, नळाची मोटर, शेजारच्या बाबारावांची स्कूटर, सगळ्यांची तपासणी त्याच पेचकसानं. पुष्पाबाई म्हणायच्या, “माणसाचं ऐकाले यांच्यापाशी टाइम नाही, पण मशीनच्या पोटातलं बरोबर ऐकतेत.”

श्रीरंगाच्या आधी इंदू होती. चार वर्षांनी मोठी, दोन वेण्या घालणारी आणि बापासारखी मुळीच नाही, म्हणजे दिवसभर तोंड चालू. एकाहत्तरच्या डिसेंबरात तिला घटसर्प झाला. नेमकी तेव्हाच लढाई लागलेली. फॅक्टरी लष्कराचा माल बनवायची, त्यामुळे ती बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चालायची आणि पाळी सुटेपर्यंत गेटाबाहेर कोणाला सोडायचं नाही असा हुकूम होता. डॉक्टर सकाळी इंजेक्शन देऊन गेले, म्हणाले, आता वाट पाहायची. दुपारपर्यंत इंदूचा घसा भरत गेला. बाबाराव सायकल मारत गेटावर गेले, दरबानाच्या हाती चिठ्ठी आत पाठवली. आतून उत्तर आलं तेही तोंडी. “सांगा घरी, येऊन राहिलो.”

मग सगळी दुपार त्या दोन शब्दांवर गेली. इंदू घोगऱ्या आवाजात विचारायची, “बाबा कवा येतीन?” पुष्पाबाई म्हणायच्या, “येऊन राहिले न, बाई.” पाच वर्षांच्या श्रीरंगाला उंबरठ्यावर रस्ता बघत बसवलं होतं. ती विचारायची आणि तोही तिथून ओरडायचा, “येऊन राहिले.” रस्त्यावर कोणी नसायचं. पाच वाजता इंदूचं विचारणं थांबलं. रामकृष्ण सातला पोचले. सायकल स्टँडवर लावायचीही शुद्ध नव्हती, अंगणात टाकली आणि आत धावले. धावून उपयोग काहीच नव्हता.

त्या दिवसानंतर ते दोन शब्द रामकृष्णांच्या तोंडातून गेले ते गेलेच. कोणी हाक मारली की ते म्हणायचे, “आलो.” मग जागचे हललेले नसले तरी. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

श्रीरंग एकोणीस वर्षांचा असताना सदर बाजारातला एक ऑर्केस्ट्रा मोडला आणि तिथून त्यानं एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. सोबतचा स्पीकर त्यानं स्वतः जोडला. त्याच्या आतला कागदी पडदा फाटका होता, त्यामुळे आवाज खरखरीत यायचा, दात-ओठ खाऊन कोणी बोलावं तसा. दुसरा कोणी असता तर कागद बदलला असता. श्रीरंगाला तोच आवाज हवा होता. छावणीतल्या मित्रांकडून त्यानं परदेशी कॅसेटी भरून आणलेल्या. त्यात एकटा माणूस असतो, मोठ्या आवाजात गिटार असते, आणि तो काय म्हणतो त्यातलं निम्मं कळत नाही, पण कॅसेट उलटवून पुन्हा लावावीशी वाटते. श्रीरंगाला वाटायचं, हे आपल्या घरच्या बोलीत का होऊ नये? घरात इतकं न बोललेलं साठलेलं होतं की आठ काय, ऐंशी गाणी झाली असती.

पहिल्या दिवशी गिटार भुणभुणली तेव्हा रामकृष्ण पेचकस घेऊन आले. टोक गिटारच्या लाकडावर, मूठ कानामागे. “वाजव.” श्रीरंगानं तार छेडली. “मागचा स्क्रू ढिला आहे,” ते म्हणाले, तोच पेचकस फिरवून स्क्रू कसला आणि निघून गेले. भुणभुण थांबली. गाण्याबद्दल बापलेकाचं बोलणं झालं ते एवढं.

नाही, आणखी एक झालं. तारांवरून बोट न उचलता सूर घसरवायचा म्हणून श्रीरंग फुटक्या बाटलीची मान बोटात घालायचा, आणि एक दिवस त्यानं बोट कापून घेतलं. रामकृष्णांनी जेवताना पट्टी बघितली. “बोट दे,” म्हणाले. व्हर्नियरच्या बारीक मोजपट्टीनं दोन ठिकाणी माप घेतलं, पेराचं वेगळं, मुळाचं वेगळं. रविवारी बाजारातून पितळेची सळई आणली, एका मित्राच्या लेथवर दिवसभर बसले आणि संध्याकाळी ताटाशेजारी एक नळी ठेवली. आतबाहेर आरशासारखी. “घाल.” ती बोटात अशी बसली की जशी त्या बोटाबरोबरच जन्माला आली होती.

त्या नळीनं गिटार बोलायला लागली. तारेवरून ती सरकवली की सूर माणसाच्या गळ्यासारखा चढायचा आणि उतरायचा. आणि श्रीरंगाच्या हातून पहिल्याच आठवड्यात तिनं काय म्हटलं असेल, तर ये-ऊन रा-हि-लो. अगदी त्याच हेलात. तो इतका घाबरला की उठून दार लावलं. ते सूर बापासमोर वाजवायची त्याची बारा वर्षं छाती झाली नाही.

सत्त्याण्णव साली त्यानं सगळी रजा एकत्र काढली, नागपूरला जाऊन स्टुडिओ घेतला आणि पंधरा दिवसांत आठ गाणी भरली. ड्रमवर तिथल्याच एका वरातीच्या बँडमधला माणूस, बाकी सगळं हा एकटा. एक गाणं फॅक्टरीच्या भोंग्याचं. एक सिहोऱ्याच्या बसमध्ये झोपलेल्या आणि उतरायचं विसरलेल्या बाईचं. एक दाराबाहेर हिंदी बोलून बोलून घरात मुका झालेल्या माणसाचं. आणि शेवटचं इंदूचं, तेच कॅसेटचं नाव, ‘येऊन राहिलो’. त्यात आधी गिटार ते दोन शब्द म्हणते, मग श्रीरंग म्हणतो, मग दोघं आळीपाळीनं, प्रत्येक वेळी थोडं उशिरा, थोडं लांबून. शेवटी गिटार एकटीच चढत जाते, ये-ऊन रा... आणि तिथं तुटते. पुढं काही नाही. मनात आठ आकडे मोजायचे, तेवढं सगळं गप्प. मग एक खालचा सूर, आणि गाणं संपलं.

“इथं काही तरी वाजलं पाहिजे भाऊ,” रेकॉर्डिंगवाला म्हणाला, “लय रिकामं वाटून राहिलं.”

“रिकामंच पाहिजे,” श्रीरंग म्हणाला.

स्टुडिओनं दिलेली कॉपी त्यानं आईला ऐकवली. पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, “आणखी एकदा लाव, बेटा.” पुढं रामकृष्ण फॅक्टरीत गेले की त्या रोज लावायच्या. इतक्यांदा लावली की दीड महिन्यात टेपरेकॉर्डरनं ती पट्टी चावून टाकली. श्रीरंग हसून म्हणाला, “जाऊ दे आई, आता छापून येईन ना.” बापाला त्यानं ती कॉपी ऐकवली नव्हती, ते मुद्दामच. रामकृष्णांना अर्धवट माल दाखवायचा नाही, हे तो लहानपणापासून शिकला होता. कव्हरमधली, तयार, नाव छापलेली वस्तू त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, बाबा, ऐका. कॅसेट किती खपते, कोण नावाजतं, याची त्याला खरंच फिकीर नव्हती. सव्वीस वर्षं गप्प असलेल्या त्या माणसानं ते गाणं एकदा ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं. तीच चूक झाली. चावलेली का होईना, ती कॉपी आधी ऐकवायला हवी होती.

मूळ टेप घेऊन श्रीरंग पुण्याला गेला. तिथल्या एका कॅसेट कंपनीचे मालक होते भय्यासाहेब. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. त्यांनी चहा मागवला, डोळे मिटून दोन गाणी पूर्ण ऐकली आणि म्हणाले, “आवाजात जोर आहे हो तुमच्या. पण ठेवू कुठे?” त्यांनी समोरच्या भिंतीवरचे खण दाखवले. भक्तिगीतं, भावगीतं, लावणी, लोकगीतं, विनोदी. दुकानदाराला खण लागतो. रडकी, कर्कश गिटारीची, वऱ्हाडी बोलीतली मराठी गाणी, असा खण महाराष्ट्रात कोणाकडेच नव्हता. “बघतो काहीतरी,” भय्यासाहेब म्हणाले आणि एक कागद पुढं केला. श्रीरंगानं न वाचता सही केली. कंपनीचा माणूस आपली कॅसेट काढतो म्हणतोय आणि आपण त्याच्यासमोर कागद वाचत बसायचा, हे त्याला उद्धटपणाचं वाटलं. जबलपूरची माणसं अशीच.

अठ्ठ्याण्णवच्या गणपतीत मराठी मंडळाच्या सेक्रेटरीनं सगळ्यांना चकित करायचं ठरवलं. तो नागपूरहून कॅसेट घेऊन आला होता. कंपनीनं श्रीरंगाला पाठवलेलं पार्सल अजून पोस्टातच होतं. आरतीनंतर त्यानं माइकवर सांगितलं, “अपने श्रीरंगची कॅसेट निघाली आहे, सगळ्यांनी बसून घ्या.” श्रीरंगाचा चेहरा फुलला. रामकृष्ण इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पुष्पाबाईंनी त्यांना ओढत पहिल्या रांगेत बसवलं. श्रीरंग मागं भिंतीशी उभा राहिला, कारण त्याला बापाची फक्त पाठ बघायची होती. चेहरा बघायची हिंमत नव्हती.

कंपनीनं शेवटचं गाणं पहिलं केलं होतं. गिटारनं ये-ऊन रा-हि-लो म्हटलं आणि त्याच्या मागोमाग भोंग्यातून हशा आला. शंभर माणसांचा, टाळ्यांसकट, विनोदी कॅसेटीत असतो तसा. श्रीरंगाला आधी वाटलं, मंडपातलेच कोणी हसले. मग त्याचा आवाज आला, ‘इंदे, मी येऊन राहिलो’, आणि पुन्हा हशा. आता मंडपातलेही हसायला लागले. कव्हर हातोहात फिरत होतं. त्यावर धोतर-टोपीतल्या, दात विचकलेल्या एका गड्याचं चित्र, त्याच्या गळ्यात गिटार, आणि खाली ‘धमाल वऱ्हाडी हास्यगीते’. माणसांनी ते वाचलं आणि त्यांना कळलं की हसायचं आहे. त्यांचंही काय चुकलं? जी बोली ते घरात बोलत होते, ती त्यांनी नाटकात, कॅसेटीत नोकराच्या आणि बावळटाच्याच तोंडी ऐकली होती. आपल्याच शब्दांवर हसायची त्यांना चांगली सवय लागलेली होती.

गाणं शेवटाला आलं तेव्हा कुठं श्रीरंग भानावर आला आणि खुर्च्यांमधून मशीनकडे धावला. पोचेपर्यंत गिटार चढून तुटली. आणि ती आठ आकड्यांची गप्प जागा आली. पुण्यात ज्या कोणी हे काम केलं त्याला पट्टीवर मोठी रिकामी जागा दिसली आणि त्यानं कॅसेटमधला सगळ्यात मोठा हशा तिथं भरला होता. शिट्ट्यांसकट. मंडपातली तीनशे माणसं त्यात सामील झाली. श्रीरंगानं बटण दाबून कॅसेट थांबवली तेव्हा मंडपातला हशा अजून चालूच होता.

रामकृष्ण उठले. चपला शोधल्या, घातल्या आणि चालत घरी गेले. मागून श्रीरंग आणि पुष्पाबाई रिक्षानं पोचले तर ते हत्यारांची पेटी उघडून बसले होते.

“बाबा, हसणं मी नाही टाकलं. कंपनीनं टाकलं. मले सांगितलंही नाही.”

“कागदावर सही कोणाची?”

“माझी.”

“वाचला होता?”

“नाही.”

रामकृष्णांनी हात पुढं केला. “नळी.”

श्रीरंगानं खिशातून नळी काढून दिली. त्यांनी ती चिंध्यांत गुंडाळली, पेचकसाशेजारी ठेवली आणि पेटीला कुलूप लावलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुष्पाबाई रडत म्हणाल्या, “काय जी, पोराचं एकदा ऐका तर. हसणं काढून ऐका.” ते म्हणाले, “सगळ्या जबलपूरनं ऐकलं.” आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

श्रीरंगाला सगळ्यात जास्त काय खात होतं सांगू? बाप खोटं बोलत नव्हता. सही त्याचीच होती. चाळीस वर्षं मालाची जबाबदारी घेणाऱ्या माणसाला तो काय सांगणार, की माल माझा पण ठप्पा माझा नाही? त्यानं गिटार खाटेखाली सरकवली.

कॅसेट खपली नाही. हसायला म्हणून घेणाऱ्यांना त्यात विनोद सापडेना, आणि ज्यांना ती लागली असती ते विनोदीच्या खणाकडे फिरकत नव्हते. दोन वर्षांनी कंपनीच्या पत्त्यावरून फिरत फिरत एक पोस्टकार्ड आलं. अचलपूरच्या कोणी पद्मजा म्हणून शाळेतल्या बाई होत्या. लिहिलं होतं, ‘तुमची कॅसेट बस स्टँडवर विनोदी म्हणून घेतली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा राग आला. आता मी हशा सुरू झाला की आवाज बारीक करते आणि संपला की वाढवते. अशी चाळीस-पन्नास वेळा ऐकली असेल. माझाही भाऊ गेला आहे. हशा नसलेली मिळेल का?’ श्रीरंगानं ते कार्ड एक्स्चेंजमध्ये टेबलाच्या काचेखाली ठेवलं आणि दुसऱ्याच आठवड्यात पुणं गाठलं. मूळ टेप मिळाली तर पद्मजाबाईंना एक कॉपी, आणि बापाला एक.

भय्यासाहेबांनी टेप शोधून काढली, लावली. त्यातून मंगळागौरीची गाणी आली. टेप महाग असते, जुनी पुसून तिच्यावर नवं भरतात, तसं भरलं होतं. भय्यासाहेब खरोखर खजील झाले. “अहो, हे कोणी परत मागायला येईल असं वाटलंच नाही,” ते म्हणाले. त्यांनी पुन्हा चहा मागवला. श्रीरंग तो न पिता उठला आणि स्टेशनच्या बाकावर गाडी येईपर्यंत रडला. चौतीस वर्षांचा गडी, लोकांच्या समोर.

तोपर्यंत रामकृष्ण रिटायर झाले होते. आणि लेथ सुटला तसे कानही सुटले. उजवा आधीच गेला होता, हे त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, चाळीस वर्षांच्या खडखडाटानं झालं आहे, डावाही जाईल. कानातलं मशीन आणलं तर म्हणाले, शिट्टी वाजते, आणि खणात टाकलं. दोन हजार चारपर्यंत पुष्पाबाईंच्या हाती पाटी-पेन्सिल आली. ‘जेवण.’ ‘गॅस आला.’ ‘बाबाराव भेटायला आले.’ पाटीवरून काम चालायचं. श्रीरंगाशी ते तुसडेपणानं वागत नव्हते, हे खरं. पाण्याचं, विजेचं बोलायचे. पण गाणं ऐकवायची वाट आता बंद झाली, हे श्रीरंगाला दिसत होतं. आधी बाप ऐकायला तयार नव्हता, आता बापाला ऐकू येत नव्हतं.

त्या वर्षीच्या डिसेंबरात इंदूचा दिवस आला. त्या दिवशी पुष्पाबाई दर वर्षी गुळाचा शिरा करून गल्लीतल्या पोरांना वाटायच्या. वाटून झाला, दुपारचं ऊन ओसरीवर आलं, रामकृष्ण खुर्ची टाकून उन्हात बसले. पुष्पाबाई श्रीरंगाला म्हणाल्या, “आज वाजव न ते. सहा वर्षं झाली, मी ऐकलं नाही.”

“बाबा बसले आहेत.”

“त्याईले कुठं ऐकू येते आता,” त्या म्हणाल्या. बोलून गेल्यावर त्यांनाच कसंतरी झालं.

श्रीरंगानं खाटेखालून गिटार काढली. स्पीकर जोडला नाही. ओसरीच्या पायरीवर बसून नुसत्या बोटांनी तो हळू वाजवायला लागला. नळी नव्हती, त्यामुळे सूर नीट घसरत नव्हते, पण पुष्पाबाईंना पुरे होते. त्या दाराच्या चौकटीला टेकून डोळे पुसत होत्या. रामकृष्णांनी बायकोकडे बघितलं. मग मुलाच्या बोटांकडे. मग पुन्हा बायकोकडे.

“ही काहून रडून राहिली?” त्यांनी मोठ्यानं विचारलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. “काय वाजवून राहिला तू?”

श्रीरंगानं पाटी ओढली आणि लिहिलं, ‘इंदूचं.’

ते त्या अक्षरांकडे बघत बसले. मग उठून आत गेले. पेटीच्या कुलपाचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा एका हातात पेचकस होता आणि दुसऱ्यात नळी. पितळ काळवंडलं होतं. त्यांनी ती धोतराच्या सोग्यानं पुसून पुढं केली. “घाल.”

नळी पेरावर अडली. सहा वर्षांत बोट जाड झालं होतं. रामकृष्णांनी ते बघितलं, पुन्हा आत जाऊन मशीनच्या तेलाची कुपी आणली, मुलाच्या बोटावर एक थेंब सोडला आणि स्वतःच्या हातानं फिरवत फिरवत ती बसवली. मग खुर्ची जवळ ओढली, पेचकसाचं टोक गिटारच्या लाकडावर टेकवलं, मूठ डाव्या कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. “वाजव.”

श्रीरंगानं नळी तारेवरून सरकवली. ये-ऊन रा-हि-लो. रामकृष्णांच्या कपाळावर आठी पडली, बेअरिंगचा दोष शोधताना पडायची तशी. दुसऱ्यांदा गिटारनं तेच म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांचे ओठ हलले, आणि ज्या तोंडानं तेहतीस वर्षं फक्त ‘आलो’ म्हटलं होतं त्या तोंडातून ते दोन शब्द निघाले, मोठ्यानं, गल्लीत ऐकू जातील असे. “येऊन राहिलो.” पुष्पाबाई चौकटीशीच खाली बसल्या.

गिटार चढली आणि तुटली. श्रीरंगानं मनात आठ मोजले. मग खालचा सूर. गाणं संपलं तरी रामकृष्णांनी पेचकस काढला नाही.

“पुन्हा.”

त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. या वेळी ते बोलले नाहीत, नुसते ऐकत होते. संपल्यावर डोळे उघडले.

“त्या दिवशी लोक सगळ्यात जास्त कुठं हसले होते?”

श्रीरंगानं गिटार उचलली, शेवटची चढण वाजवली, ये-ऊन रा... आणि तिथं हात उचलून धरला. बोटानं त्या गप्प तारांकडे दाखवलं.

“इथं?”

श्रीरंगानं मान डोलावली.

रामकृष्णांनी पुन्हा डोळे मिटले आणि पेचकस त्या मुक्या लाकडावर तसाच दाबून धरला. मग ते म्हणाले, या वेळी हळू,

“इथं तर इंदू गेली न बे.”